तिसावी पट्टी

नागपूरच्या सदरमधले एक काका गेल्या मे महिन्यात दुपारी दीड वाजता, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून, छावणीतल्या एका अनोळखी घराची बेल वाजवत उभे होते. दार उघडणाऱ्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कूलरवाले का?"

"नाही. कॅसिओवाले."

"तुम्हाला पाहिजे कॅसिओ?" 'या वयात' हे दोन शब्द बाईंनी उच्चारले नाहीत, पण ते काकांना स्पष्ट ऐकू आले.

काका म्हणजे महालेखाकार कार्यालयात, नागपूरच्या भाषेत एजी ऑफिसात, ३२ वर्षं इतरांच्या हिशेबातल्या चुका काढून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर चुकांचा पुरवठा आटला, म्हणून ते किराण्याच्या यादीवर शेरे मारतात. काकांच्या आणि प्रस्तुत लेखकाच्या चष्म्याचा नंबर एकच आहे, घरचा पत्ताही एकच आहे, पण एवढ्यावरून वाचकांनी काही निष्कर्ष काढू नयेत.

प्रकरण सुरू झालं नातीमुळे. नात पुण्याची, चौथी पास होऊन सुटीला आलेली. कूलरसमोर तोंड नेऊन 'आऽऽ' करण्याचा आणि आपलाच थरथरता आवाज ऐकण्याचा खेळ तीन दिवसांत संपला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, मला पियानो शिकायचाय."

हे वाक्य काकांच्या कानावर सुमारे पंचावन्न वर्षं उशिरा पडलं. सदरमध्ये वाढलेल्या मुलाला पियानो हा शब्द परका नसतो. इथल्या रेसिडेन्सी रोडचं नावच मुळी इंग्रजांच्या रेसिडेंटावरून आलेलं. ऑल सेंट्स कॅथेड्रल इथेच, १८६३ पासूनची बिशप कॉटन शाळाही इथेच. लहानपणी काकांनी कुठल्याशा बंगल्याच्या खिडकीतून पियानो ऐकला होता आणि घरी येऊन तोच हट्ट धरला होता. वडिलांनी त्यांना पाढे म्हणायला बसवलं. त्यातूनच पुढे एजी ऑफिस झालं.

"मुलगी महिनाभर राहणार," काकू म्हणाल्या. "महिन्याभरासाठी पियानो?"

"जुना घेऊ. स्वस्तात."

पियानो घरात आणायचा तर दाराची चौकट काढावी लागेल, म्हणून डिजिटल पियानो. तो महाग, म्हणून कीबोर्ड. नवा कीबोर्डही महाग, म्हणून जुना. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास मेदिची घराण्यासाठी बनवलेलं वाद्य असं एकेक पायरी उतरत सदरमधल्या दोन खोल्यांच्या घरापाशी आलं आणि काकूंनी त्याला ५,००० रुपयांची मर्यादा घालून दिली.

नागपुरात या वाद्याला कॅसिओ म्हणतात. ते कोणत्याही कंपनीचं असलं तरी कॅसिओच. 'यामाहाचा कॅसिओ' हा शब्दप्रयोग इथे कोणालाही खटकत नाही, खुद्द विकणाऱ्यालाही नाही. मूळची कॅसिओ कंपनी टोकियोत १९४६ मध्ये निघाली. तिनं आधी कॅल्क्युलेटर केले, मग घड्याळं केली, आणि १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ हे पहिलं वाद्य बाजारात आणलं. तिच्या सुरुवातीच्या व्हीएल-टोन नावाच्या चिमुकल्या वाद्यात तर चक्क कॅल्क्युलेटरही होता. ही माहिती कळली तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले. बेरीज आणि बागेश्री एकाच डब्यात मिळू शकते, हे वडिलांना वेळेवर कळलं असतं तर!

मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागल्यावर काकांना पहिला शोध लागला तो विक्रेत्यांच्या कारणांचा. जुना फ्रिज विकणारा खोटं बोलतो, जुनी गाडी विकणारा तर शपथेवर खोटं बोलतो. जुना कीबोर्ड विकणारा मात्र जवळपास नेहमी खरंच बोलतो, आणि सगळे एकच बोलतात: "पोरगा दहावीत गेला." कोणाची पोरगी गेलेली असते, कोणाचा पोरगा अकरावीत जाऊन नीटच्या क्लासला बसलेला असतो, एवढाच फरक. तिसरी-चौथीच्या सुटीत घरात आलेला कीबोर्ड दहावीच्या उंबरठ्यावर घराबाहेर पडतो. मधल्या सहा वर्षांत त्याच्यावर किती वाजलं, हे जाहिरातीतल्या एका वाक्यावरून कळतं: 'एकदम नव्यासारखा.' नव्यासारखा राहिलेला कीबोर्ड म्हणजे काय, हे विकणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्याला कळून घ्यायचं नसतं.

छावणीतल्या बाईंचाही मुलगा दहावीतच होता. त्यांनी कपाटावरून खोकं काढलं, खोक्यातून पिशवी, पिशवीतून टॉवेल आणि टॉवेलातून कीबोर्ड. फोटोत तो भव्य दिसला होता. प्रत्यक्षात तो ४४ छोट्या पट्ट्यांचा, मुलांच्या बोटांसाठी बनवलेला निघाला. काकांनी 'सा' दाबला की त्याच्याबरोबर 'रे'सुद्धा आपसूक हजर होई.

"फोटोत मोठा दिसत होता," काका म्हणाले.

"फोटोत तुमचं बोट नव्हतं ना," बाई म्हणाल्या. उत्तर बिनतोड होतं.

त्या दिवसापासून काकांनी प्रत्येक विक्रेत्याला निरोप पाठवायला सुरुवात केली: 'कृपया वाद्याच्या शेजारी कांदा ठेवून फोटो पाठवावा.' आधी ते संत्रं म्हणणार होते, पण मे महिन्यात नागपुरातही संत्रं मिळत नाही. निम्म्या लोकांनी उत्तर दिलं नाही. एकानं नुसता कांद्याचा फोटो पाठवला आणि खाली भाव लिहिला.

दुसरा कीबोर्ड गड्डीगोदामला, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका तरुणाकडे होता. तो लांबलचक, काळाकभिन्न होता. शंभरेक बटणं, आणि बाजूला फ्लॉपी घालायची खाच. काकांनी शेवटची फ्लॉपी ऑफिसात २००३ साली पाहिली होती. जुना सहकारी भेटल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. दुसरी दाबली. तीही मुकी.

"बंद आहे," काकांनी निर्णय दिला.

"काकाजी, याच्यात स्पीकर राहतच नाही. बाहेरून लावा लागते."

"मग इतकी वर्षं तू वाजवत होतास कसा?"

"मंडपवाल्याचे राहते ना."

त्यानं हेडफोन दिला. काकांनी तो कानाला लावून भीत भीत एक पट्टी दाबली आणि जागच्या जागी दचकले, कारण त्या एका पट्टीत सनई, ताशे, ढोल आणि बहुधा घोडीवरचा नवरदेवही होता. असे तयार ताल म्हणजे बटणांतला मजकूर, त्यात काय एवढं, असं कोणाला वाटेल. पण कॅसिओच्या १९८१ च्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डवर हिरोको ओकुदा नावाच्या तरुणीनं 'रॉक' या बटणामागे एक ठेका भरून ठेवला होता. चार वर्षांनी तो जमैकात कोणाच्या तरी हाती लागला, त्यावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं झालं आणि रेगे संगीताचा सगळा बाजच पालटला. गड्डीगोदामच्या तरुणाला जमैका माहीत नव्हतं. त्याच्या बटणात मात्र दोन्ही घरचे वऱ्हाडी होते. काकांनी दर विचारला. उत्तर ऐकून, "घरच्यांशी बोलून कळवतो," असं म्हणाले. नागपुरात हे वाक्य म्हटलं की दोन्ही बाजू समजतात.

तिसरी भेट सिव्हिल लाइन्समधली. इथे डिजिटल पियानो होता, खरोखरच्या ८८ पट्ट्यांचा, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी काकांना आणि काकूंना बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले, आणि मग चष्मा सावरून बघण्याचा कार्यक्रम सुरू केला. फरक इतकाच की या कार्यक्रमात पियानो आतल्या खोलीत होता आणि पसंत-नापसंत काका होणार होते.

"वाजवणार कोण?"

"नात."

"रोज रियाज करेल?"

"करेल की."

"परीक्षा देणार? ट्रिनिटीची? पियानोची की इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची? अभ्यासक्रम वेगळे असतात दोन्हींचे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पोह्यांतला शेंगदाणा शोधायला घेतला.

शेवटी पियानोचं दर्शन झालं. काकांनी पट्टी दाबली आणि, जन्मभराची सवय, पहिला आक्षेप नोंदवला: "पट्टी जड जाते आहे. बिघडली आहे का?" बाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते. त्या हातोडीचं वजन बोटाला जाणवावं म्हणून डिजिटल पियानोतही पट्ट्यांमागे वजनं असतात, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. पट्टी हळू दाबली तर सूर हळू येतो आणि जोरात दाबली तर जोरात. या वाद्याच्या मूळ इटालियन नावातच 'पियानो' आणि 'फोर्टे' हे दोन शब्द आहेत, म्हणजे हळू आणि जोरात. स्वस्तातल्या कीबोर्डांत ही सोय नसली की कसंही दाबा, आवाज तेवढाच. "म्हणजे लोक पियानो म्हणून जे घेतात ना," बाई म्हणाल्या, "त्यात पियानोही नसतो आणि फोर्टेही नसतो."

"मग काय असतं?" काकूंनी विचारलं.

"डेमोचं बटण."

बाईंनी २८,००० सांगितले. काकांनी टेप काढून लांबी मोजली. एक मीटर बत्तीस सेंटिमीटर, आणि वजन साडेअकरा किलो. काकू हळूच म्हणाल्या, "हा ठेवला तर दिवाण बाहेर. आणि दिवाण बाहेर तर तुम्ही बाहेर." घरी परतताना काका स्कूटरवर काहीच बोलले नाहीत. आपण नापास झालो आहोत, हे त्यांना पोह्यांच्या वेळीच कळलं होतं.

पण या भेटीनं त्यांना शब्दसंपत्ती मिळाली. आता ते प्रत्येक विक्रेत्याला फोनवर "टच रिस्पॉन्स आहे का?" असं विचारू लागले. "आहे ना, टच केलं की वाजते," असं उत्तर तिघांनी दिलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, नवीन घ्या ना, मी पैसे पाठवतो." काकांनी त्याला समजावलं की प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. कोणतं तत्त्व, हे मुलानं विचारलं नाही. तो काकांचाच मुलगा होता.

एव्हाना जून उजाडला. पुण्यातल्या शाळा विदर्भाच्या आधी उघडतात, कारण इथलं ऊन शाळेलाही सोसत नाही. नातीचे आठ दिवस उरले होते. तेवढ्यात मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्लीतून, म्हणजे घरापासून चालत दहा मिनिटांवरून, एक फोटो आला. ६१ पट्ट्या. शेजारी कांदा. कांदा व्यवस्थित लहान दिसत होता.

काकांनी या भेटीसाठी तक्ता केला होता. पट्टी क्रमांक १ ते ६१, आवाज आहे अथवा नाही, शेरा. घरमालकानं कीबोर्ड कॉटवर मांडला, डेमो लावला आणि कूलर पूर्ण वेगात सोडला. डेमो झकास वाजला. सगळेच डेमो झकास वाजतात. कीबोर्डच्या आयुष्यातलं ते एकमेव गाणं असं असतं की जे वाजवणाऱ्याला येत असतं.

"कूलर बंद करा," काका म्हणाले.

"काकाजी, बाहेर ४५ आहे!"

"असू द्या."

कूलर बंद झाला, आणि त्याच्या घरघरीमागे लपलेले दोष एकेक करून पुढे आले. आवाज वाढवायचा खटका फिरवला की खरखर. उजव्या स्पीकरला बारीक शिट्टी. पडद्यावरचे आकडे इतके फिकट की ३ आहे की ८, हे फक्त कीबोर्डलाच ठाऊक. काकांनी घाम पुसत पट्टी क्रमांक १ दाबली. टिकमार्क. २. टिकमार्क. सतराव्या पट्टीपर्यंत घरातली माणसं दारात जमली. पंचविसाव्या पट्टीला शेजारची आली.

"तुम्ही वाजवून राहिले का नुसते मोजून राहिले?" मालकानं विचारलं.

काका उत्तर देणार तोच तिसावी पट्टी आली. ती दाबली गेली, वर आली, पण आवाज नाही. पुन्हा दाबली. पुन्हा नाही. ही मधल्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे पांढरी एक 'सा' धरला तर बरोबर शुद्ध मध्यम. काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच ते जुनं तेज आलं.

"तिसावी बंद आहे."

"एकच ना! साठ चालू आहेत."

"मग किमतीत कपात करा."

मालकानं मोबाइल काढला. "साडेचार हजार भागिले एकसष्ट. त्र्याहत्तर रुपये सत्त्याहत्तर पैसे. घ्या, चौऱ्याहत्तर कापले."

आपल्या तोडीचा माणूस काकांना ३२ वर्षांच्या नोकरीत भेटला नव्हता, तो मंगळवारी बाजारामागे भेटला. त्यांनी मुद्दा मांडला की सगळ्या पट्ट्यांचा दर सारखा धरता येणार नाही. कडेच्या पट्ट्यांवर कोणी फिरकत नाही, मधलं सप्तक म्हणजे रेसिडेन्सी रोडवरची दुकानं, त्यांचा दर वेगळा. मालक म्हणाला, मग मधल्या बाकीच्या चालू पट्ट्यांचे जास्त द्या. पाऊण तासानं, कूलर पुन्हा सुरू करण्याच्या अटीवर, ३,८०० वर सौदा झाला. कव्हर फुकट. अडॅप्टर नाही.

"तो कोणताही चालते," मालक म्हणाला.

कीबोर्ड घरी आणला तो स्कूटरवरून, काकूंच्या मांडीवर आडवा, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. बाजाराच्या गर्दीत तो दोनदा सायकलवाल्याला, एकदा भाजीच्या हातगाडीला आणि एकदा ट्रॅफिक पोलिसाला लागला. मन घट्ट करण्यासाठी काकांनी काकूंना तोराकुसु यामाहांची गोष्ट सांगितली. जपानमधल्या हामामात्सु गावी एका शाळेचा ऑर्गन १८८७ मध्ये बिघडला, तो यामाहांनी दुरुस्त केला. मग तसाच एक स्वतः बनवला, आणि जाणकारांना दाखवायला सोबत्याबरोबर बांबूला टांगून, खांद्यावरून हाकोनेचे डोंगर ओलांडत, सुमारे अडीचशे किलोमीटर चालत टोकियोला नेला. जाणकारांनी सांगितलं, सूर बरोबर नाहीत. यामाहा तिथेच राहिले, संगीताचं शास्त्र शिकले आणि दुसरा ऑर्गन बनवला. तो उतरला.

"त्यांच्या बायकोनं धरला होता का?" मागून प्रश्न आला.

अडॅप्टर कोणताही चालत नाही, हे काकांना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कळलं. दुकानदारानं विचारलं, "मधलं प्लस की बाहेरचं प्लस?" वायरीच्या टोकालाही मत असतं, याची काकांना कल्पना नव्हती. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरांत मधली बाजू ऋण असे, पुढच्या साडेनऊ व्होल्टच्यांत ती धन झाली, आणि यामाहाचे बरेच कीबोर्ड १२ व्होल्ट मागतात. चुकीचं टोक खुपसलं की ३,८०० रुपयांचा धूर बघायला मिळतो. काकांच्या कीबोर्डच्या मागचा छापील मजकूर पुसलेला होता. तो कोणत्या कंपनीचा, हेही इथे सांगण्यात अर्थ नाही, नागपूरच्या लेखी तो कॅसिओच. शेवटी त्यांनी अडॅप्टरचा विषय लांबणीवर टाकून सहा मोठे सेल आणले.

नातीनं दोन दिवसांत मोबाइलवर बघून 'हॅपी बर्थडे' बसवलं. निमित्तही होतं, आजीचा वाढदिवस. केक आला, शेजारी आले, नात स्टुलावर बसली. पहिल्या तीन ओळी निर्दोष गेल्या. शेवटच्या ओळीचे पहिले दोन सूर मात्र नेमके तिसाव्या पट्टीवर येतात. त्यामुळे 'हॅपी' गेला आणि नुसता 'बर्थडे टू यू' उरला.

"साठीनंतर तेवढंच उरतं," काकू म्हणाल्या आणि केक कापला.

तीन दिवसांनी नात पुण्याला गेली. जाताना तिनं आबांना डेमोचं बटण कुठे आहे ते दाखवून ठेवलं.

वाद्य पडून राहू नये म्हणून, असं काका म्हणतात, ते दुरुस्तीला नेलं. कारागिरानं पोटाचे वीस-बावीस स्क्रू काढून झाकण उघडलं. आतून निघालेला ऐवज: वाळलेली दोन झुरळं, एक हेअरपिन, साबुदाणे आणि ५० पैशांचं एक नाणं. प्रत्येक पट्टीखाली रबराचा फुगवटा असतो आणि त्याच्या पोटात काळ्या कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की ते एकापाठोपाठ एक खालच्या पाटीला टेकतात. दोघांमध्ये किती वेळ गेला, त्यावरून यंत्र ओळखतं की बोट हळू आलं की जोरात. टच रिस्पॉन्स म्हणतात तो एवढाच. धूळ बसली की स्पिरिटनं पुसून काम भागतं, पण तिसाव्या पट्टीचा ठिपका झिजून गेला होता.

"या मॉडेलचं रबर आता येत नाही," कारागीर म्हणाला. "एक करता येते. एकदम कडेच्या पट्टीचं रबर काढून मधात लावतो. कडेची कोण वाजवते?"

उपाय चांगला होता. हे दुरुस्तीवाले नेहमीच करतात. पण काका ताठ झाले. एका शीर्षाखाली मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवणं, हाच तो गुन्हा, ज्यावर त्यांनी ३२ वर्षं लाल शाईनं आक्षेप घेतले होते. कडेची पट्टी आज वापरात नसेल, पण तिचं रबर तिच्याच खात्यात राहिलं पाहिजे. कारागिरानं त्यांच्याकडे बघितलं, स्क्रू परत बसवले आणि साफसफाईचे २०० रुपये घेतले. ५० पैशांचं नाणं काकांनी परत मागितलं.

घरी पट्ट्या पुसताना त्यांना वाद्याचा पूर्वेतिहास सापडला. पट्ट्यांवर चिकटवलेल्या कागदांचे तीन थर होते. वरचा इंग्रजी सी, डी, ई. त्याखाली कार्टूनमधली मांजरं. सगळ्यात खाली लाल शाईत सा, रे, ग, म. या पहिल्या मालकाचा 'सा' पांढऱ्या पट्टीवर नव्हता, काळी एकवर होता. म्हणजे पेटीवाला माणूस. काळी एकचा 'सा' धरला तर तिसावी पट्टी येते शुद्ध गंधाराच्या जागी. ती तेव्हापासून बंद असेल, तर त्या गृहस्थानं मालकंसावर दिवस काढले असणार, कारण त्यात गंधार कोमल लागतो. काकांना या अनोळखी माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली.

आणि मग, वयाच्या ६६ व्या वर्षी, काकांनी क्लास लावला. "नात दिवाळीत येईल, तिला शिकवायला कोणी हवं ना," असं कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ते खरं मानून कोणीही हसलं नाही, फक्त मुलगा फोनवर थोडा खोकला. सर पेटी वाजवणारे होते. त्यांनी तिसावी पट्टी दाबून पाहिली आणि क्षणभर विचार केला.

"हरकत नाही. आधी भूप घेऊ. भूपात मध्यम नसतोच."

"आणि नंतर?"

"यमन. त्यात मध्यम तीव्र. तो काळ्या पट्टीवर, चालू आहे."

काकांना भरून आलं. १९४० मध्ये आकाशवाणीनं अख्खी पेटीच बंद केली आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. एवढ्या काळात पेटीवाल्यांचं काही अडलं नाही, मग एका पट्टीचं काय? एक बटण दाबून सगळा सूर वरखाली सरकवण्याची सोयही कीबोर्डवर असते. काकांनी ती वापरून पाहिली. पट्टी पांढरी एकची होती, तिथून काळी चारला गेली, पण मुकी जागा हातापाशी होती तिथेच राहिली. सर म्हणाले, "सूर सरकतात, पट्टी सरकत नाही."

सध्या सदरमधल्या त्या घरातून रोज रात्री साडेनऊला भूप ऐकू येतो. मग यमन. मग पुन्हा भूप. काकू म्हणाल्या म्हणून मध्यंतरी हेडफोन आणला, तर भूप ऐकू येईनासा झाला आणि नुसती टकटक ऐकू येऊ लागली. रात्रभर कोणी टाइपरायटरवर तक्रारअर्ज लिहितो आहे असं वाटे, त्यापेक्षा भूप बरा म्हणून हेडफोन परत गेला.

प्रश्न फक्त शेवटाचा आहे. कार्यक्रम संपवायचा तो भैरवीनं, हे काकांनी लहानपणापासून पाहिलेलं. भैरवीत शुद्ध मध्यम लागतो. काळी एकपासून वाजवली तर तिसावी पट्टी वाटेत येत नाही, आणि लाल शाईवाल्या पहिल्या मालकानं ती तशीच वाजवली असणार. सरांनी तीच युक्ती दाखवली आहे. पण काकांची बोटं पांढरी एकवर बसली आहेत आणि तिथून हलायला तयार नाहीत.

"अहो, पावणेअकरा झाले. संपवा आता!" आतून आवाज येतो.

"संपवतो गं," काका म्हणतात, "भैरवी बसू दे आधी," आणि पुन्हा भूप धरतात.